देव्हाऱ्यात राहिलेला पेढा

मी आयुष्यभर शेंबूड बनवला.

नोकरीत असताना हे मी कधी असं उघड म्हटलं नाही. कुणी विचारलं की "ग्लायकोपेप्टाइड पॉलिमरवर काम करतो" असं सांगायचो आणि समोरचा माणूस आदराने विषय बदलायचा. पण गिरगावातल्या आमच्या चाळीत खरं काय ते लवकरच फुटलं. आमच्या हिने शेजारच्या सुशीलामावशींना समजावून सांगितलं, "ते नाकात असतं ना बुळबुळीत, डोळ्यांत पण असतं, तसलंच काहीतरी हे परळला बसून करतात." मावशी म्हणाल्या, "अगो, त्याला एवढं शिकायला कशाला हवं? आमचा बंड्या फुकट करतो."

बंड्या जे फुकट करायचा ते हलकं समजू नका. पापणी दिवसभर बुबुळावरून सरकते आणि डोळा खरचटत नाही, घास घशाखाली उतरतो, ताजा बोंबील कोळणीच्या हातून निसटतो, ही सगळी एकाच जातीच्या रेणूंची कृपा. हा रेणू म्हणजे दसऱ्याचं तोरण समजा. दोरा म्हणजे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. दोऱ्याला खेटून लटकलेले झेंडू म्हणजे साखरेचे रेणू. साखरेला पाण्याचं वेड, त्यामुळे झेंडू पाणी धरून ठेवतात आणि अख्खं तोरण बुळबुळीत होतं. निसर्ग हे तोरण डोळे मिटून विणतो. आम्ही परळच्या एका जुन्या इमारतीत तेच विणायचा प्रयत्न करत होतो. ज्यांचे डोळे कोरडे पडतात त्यांच्यासाठी त्याचे थेंब करावेत, हा उद्देश.

विणायची रीत अशी. आधी एकेका अमिनो आम्लाला एकेक साखर चिकटवायची. या साखरेला रेनकोट घालायचा, नाहीतर ती मधेच भलत्या कुणाशी तरी संधान बांधते. मग त्या अमिनो आम्लाला वाकवून त्याची अंगठी करायची. अशा पुष्कळ अंगठ्या एका बाटलीत घेऊन त्यात सुरुवात करून देणारा एक रेणू टाकला, की तो पहिली अंगठी उघडतो, ती दुसरीला उघडते, दुसरी तिसरीला. प्रत्येक अंगठी साखळीत शिरताना कार्बन डायऑक्साइडचा एक ढेकर देते. बाटलीतून बुडबुडे येत राहिले की समजायचं, पंगत नीट चालली आहे. ढेकर बाहेर जायला हवेत म्हणून बाटलीचं झाकण सैल ठेवायचं. शेवटी रेनकोट उतरवायचे आणि सगळा माल एका बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून ती पाण्यात सोडायची. लहानसहान तुकडे पिशवीतून निसटून जातात, लांब साखळ्या आत राहतात. त्या सुकवल्या की म्हातारीच्या कापसासारखा पांढरा, हलका पुंजका मिळतो.

या सगळ्याचा एकच शत्रू, पाणी. पाण्याचा प्रत्येक रेणू समजतो की सुरुवात आपणच करायची. लालबागच्या एखाद्या गल्लीत प्रत्येकाने अध्यक्ष व्हायचं ठरवलं तर काय होईल? पन्नास मंडळं होतील आणि प्रत्येकात तीन कार्यकर्ते. साखळ्यांचं तसंच होतं. एक लांब साखळी होण्याऐवजी तीन-तीन मण्यांचे असंख्य तुकडे. आणि हे काम आम्ही करायचो कुठे, तर मुंबईत, जिथे मिठाच्या बरणीला पाझर फुटतो.

म्हणून आमच्याकडे एक पेटी होती. समोर काच, आत ट्यूबलाइट, आणि काचेतून आत गेलेले दोन लांब काळे रबरी हातमोजे. आत कोरडा नायट्रोजन भरलेला. त्या दाबाने मोजे बाहेरच्या बाजूला फुगून ताठ उभे राहायचे, जसं काही आत कुणीतरी कोंडलं आहे आणि "मला सोडवा" म्हणतंय. एक पंखा आतला वायू सतत फिरवून शोषकातून गाळून घ्यायचा, पाण्याचा कण राहू नये म्हणून. वस्तू आत न्यायची तर बाजूला दोन दारांची एक छोटी खोली होती. तिच्यात वस्तू ठेवायची, हवा ओढून घ्यायची, मग आतलं दार उघडायचं. त्या खोलीला आम्ही उंबरठा म्हणायचो आणि पेटीला देव्हारा. कारण आत दिवा होता, समोर काच होती आणि कमरेत वाकल्याशिवाय काम होत नव्हतं.

गिऱ्हाइकं आमच्याकडे कमी यायची, पण जी यायची ती लक्षात राहायची. एकदा दादरचे एक बालनाट्यवाले आले. त्यांना राक्षसाची लाळ हवी होती. मी त्यांना रेनकोट, अंगठ्या, ढेकर, सगळं समजावलं. चमचाभर माल करायला किती खटाटोप लागतो तेही सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हिरव्या रंगात येईल ना?" शेवटी त्यांनी भेंडी उकळून भागवलं. आमच्या हिला नाटकातला तो राक्षस फार आवडला. "तुमच्यापेक्षा भेंडीचं बरं जमलंय," म्हणाली.

आता मुद्द्यावर येतो.

आमच्याकडे प्रज्ञा तांबे नावाच्या रसायनशास्त्रज्ञ होत्या. लोअर परळच्या चाळीत वाढलेल्या, वडील गिरणीत. साखळी लांब करावी तर तांबेबाईंनी. तीच अंगठी, तीच बाटली, तोच देव्हारा, आणि माझी साखळी पाचव्या ढेकरालाच झोपायची. बाईंची मात्र चालतच राहायची. त्यांचं घर बाबासाहेबांना मानणारं, बौद्ध. आमच्याकडे खंडेनवमीला पूजा असायची तेव्हा त्या बाजूला उभ्या राहायच्या, कुणाला काही म्हणायच्या नाहीत आणि पेढा आवडीने खायच्या. दसऱ्याला त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, त्यामुळे आदल्या दुपारपासून त्यांची रजा ठरलेली.

आमची पूजा म्हणजे अस्सल गिरणगावची. यंत्र पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि बंद ठेवायचं. त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही, ही रीत. तराजूपासून पाण्याच्या पंपापर्यंत सगळ्यांना सुट्टी. पूजा सांगायचं काम माझ्याकडे, कारण आडनाव आठल्ये. मला गणपतीच्या आरतीपलीकडे काही येत नाही, पण कुणी कधी खोलात गेलं नाही.

त्या वर्षी देव्हाऱ्यात बाईंची मोठी बाटली चालू होती. या मालावर सगळं अवलंबून होतं. ज्या कंपनीच्या पैशावर आमचं काम चाले, तिचे लोक दसऱ्यानंतर येऊन हा माल नेणार होते. पसंत पडला तर पुढची कितीतरी वर्षं बाईंच्या हाताखाली थेंबांचं काम चालणार होतं.

पूजेची तयारी झाली. आमचे मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, म्हणाले, "आठल्ये, देव्हाऱ्याला नैवेद्य बाहेरून कसा दाखवता? आत दाखवा की!"

मी दोन पेढे उंबरठ्यात ठेवले आणि हवा ओढली. निर्वातात पेढा कसा दिसतो ते आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. तो हळूहळू फुगला, टम्म झाला, मग त्याला तडा गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या सरांनी हात जोडले. मी रबरी हातांनी दोन्ही पेढे आत ओढले, बाटलीसमोर ठेवले, आणि यंत्रं बंद करायला बटणांकडे वळलो.

"आठल्ये, पंखा बंद करू नका," तांबेबाई म्हणाल्या. "आत बाटली चालू आहे."

"अहो बाई, यंत्रालाही वर्षातून एक दिवस सुट्टी असते."

"यंत्राला द्या हो सुट्टी. माझ्या बाटलीला कुठली सुट्टी?"

लोक हसले. मोठे सर घड्याळाकडे बघत म्हणाले, "होऊ दे हो तांबे. आरतीपुरतं." बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. घरी त्यांची वाट बघत होते. पिशवी उचलून त्या गेल्या.

मी बटण दाबलं, आरती म्हटली, नारळ फोडला. मग सगळे खाली प्रसादाला गेले, मीही गेलो आणि तसाच घरी गेलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो. बघतो तर देव्हाऱ्यात दोन पेढे! ज्या पेटीत आम्ही पाण्याचा कण जाऊ देत नाही तिथे दुधाचा पदार्थ मी मुक्कामाला ठेवला होता. घाईघाईने सगळी बटणं चालू केली, पेढे उंबरठ्यातून बाहेर काढले. तेवढ्यात जिन्यावर बाईंच्या चपलांचा आवाज आला. केराच्या डब्यात टाकले तर दिसले असते. मी दोन्ही पेढे तोंडात कोंबले. दगडासारखे झाले होते आणि नेलपॉलिशसारखे लागत होते. रसायनांच्या पेटीतला पदार्थ तोंडात घालणं हा शुद्ध मूर्खपणा. कुणी कधीही करू नये.

"दसऱ्याच्या शुभेच्छा," बाई म्हणाल्या. "पंखा किती वेळ बंद होता?"

"आग्तीपुग्ता," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि मोजे चढवले.

माल पिशवीत भरला, पिशवी पाण्यात सोडली, आणि कंपनीचे लोक यायच्या आधी बाईंनी नेहमीची परीक्षा घेतली. ती परीक्षा फार देखणी असते. अबईच्या शेंगा असतात ना, तलवारीएवढ्या, त्यांच्या दाण्यांत एक प्रथिन असतं. ते साखर लटकलेल्या साखळ्या पकडून त्यांची मोळी बांधतं. माल चांगला असला की त्या प्रथिनाचे दोन थेंब टाकताच नितळ पाण्याचं ताक होतं. आमच्यात कामाची विचारपूसही तशीच व्हायची. "ताक झालं का?"

ताक झालं नाही. पिशवीत नुसतं पाणी होतं. साखळ्या इतक्या आखूड की सगळ्या छिद्रांतून निसटून गेल्या होत्या.

कंपनीच्या लोकांसमोर मोठ्या सरांनी विचारलं, "काय झालं काय नक्की?" माझ्या तोंडात अजून नेलपॉलिशची चव होती. कुणी पेढ्याचं नाव काढायच्या आत मी म्हणालो, "देव कोपला असेल, सर. तांबेबाईंनी ऐन पूजेत वाद घातला ना!"

सगळे हसले. कंपनीचे लोकही हसले आणि गेले ते परत आले नाहीत. मोठ्या सरांनी बाईंना खालच्या मजल्यावर नमुने तपासायला पाठवलं. हळदीत भेसळ आहे का, विहिरीचं पाणी पिण्याजोगं आहे का, असली कामं. देव्हारा माझ्याकडे आला. त्यानंतर मी त्यात ज्या साखळ्या केल्या त्यांना साखळ्या म्हणणं म्हणजे डबक्याला समुद्र म्हणणं.

मोठे सर निवृत्त झाल्यावरच बाई वर परत आल्या. मधली कितीतरी वर्षं हळदीत गेली.

पण मला लिहायचंय ते त्या किश्श्याबद्दल. तो विनोद तिथे संपला नाही. दरवर्षी स्नेहसंमेलनात लोक म्हणायचे, "आठल्ये, तो पूजेचा किस्सा होऊन जाऊ दे!" आणि मी सांगायचो. मला सांगता येतं हो, हाच घात. मी मोठ्या सरांचा आवाज काढायचो, फुगणारा पेढा गाल फुगवून दाखवायचो. तो आत राहिला हे तेवढं गाळायचो. दरवर्षी किस्सा थोडा घासला जायचा. "पंखा बंद करू नका" हे वाक्य हशाच्या मधे यायचं, म्हणून मी ते हळूच काढून टाकलं. त्या जागी "तांबेबाई म्हणाल्या, बंद करा ही पूजा" असं आलं. तिथे हमखास टाळी पडायची. तांबेबाई तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसून हसऱ्या चेहऱ्याने ऐकायच्या. मी त्यांच्याकडे न बघता सांगायचो.

गेल्या वर्षी फोन आला. श्रुती, बाईंची विद्यार्थिनी, आता ती प्रयोगशाळा चालवते. "सर, मॅडमचा सत्कार ठेवलाय. तो पूजेचा किस्सा तुम्हीच सांगायचा हं. नवीन मुलांनी फक्त ऐकलाय, तुमच्या तोंडून ऐकायचाय."

म्हणजे मी गेलो तरी किस्सा राहणार. तांबेबाई म्हणजे पूजेला आडव्या आल्या आणि बॅच बुडवली त्या बाई, असं माझ्या आवाजाची नक्कल करून कुणीतरी सांगत राहणार. फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "अहो, पेढ्याचं सांगून टाका एकदाचं. मी तरी किती वर्षं पोटात ठेवू?"

बाई आणि मी दोघंही सकाळी शिवाजी पार्कला फिरायला जातो. कट्ट्यावर त्यांना गाठलं.

"बाई, तुमची बॅच मी बुडवली. देव्हाऱ्यात पेढा राहिला होता."

मला वाटलं होतं त्या रागावतील किंवा गप्प होतील. त्यांनी पायातली चप्पल नीट केली आणि विचारलं, "कुठला पेढा?"

"म्हणजे?"

"कंदी की मलई? दोघांत पाण्याचं प्रमाण वेगळं असतं."

"कंदी. दोन."

"उंबरठ्यात फुगले होते ते? मग त्यांच्यातलं पाणी तिथेच बरंचसं उडालं असणार." त्या विचारात पडल्या. "दोन पेढ्यांनी माझी बॅच जाईल असं मला नाही वाटत, आठल्ये."

"अहो, मी सांगतोय ना मी गुन्हेगार आहे!"

"तुम्ही सांगून काय होतंय? पुरावा?"

"खाल्ला."

आमच्याच वयाचे एक गृहस्थ शेजारी प्राणायाम करत होते. त्यांचा श्वास मधेच सुटला.

"मग प्रयोग करावा लागेल," बाई म्हणाल्या.

श्रुतीने बाईंसाठी देव्हारा मोकळा करून दिला. मी दादरहून कंदी पेढे आणले. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी, पास झालं का कुणी?" मी म्हणालो, "निकाल लागायचाय." बाईंनी स्वतः अंगठ्या तयार केल्या, या वयातही हात तसाच. आधी एक बाटली पेढ्याशिवाय, ती बाहेर काढल्यावर दुसरी पेढ्यासह. पेढा उंबरठ्यात फुगला तेव्हा नवीन मुलांनी मोबाइलवर चित्रण केलं. बुडबुडे आले, रेनकोट उतरले, पिशव्या पाण्यात गेल्या. शेवटी अबईचे थेंब.

दोन्हींचं ताक झालं. पेढ्यावाल्या बाटलीचं तर छान दाट.

मी म्हणालो, "परत करा. पेढे कमी पडले असतील."

पुढच्या खेपेला पाव किलो. श्रुती म्हणाली, "सर, आता आत बाटली ठेवायला जागा नाही." पुन्हा ताक.

तांबेबाई स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. "अभिनंदन, आठल्ये. पेढा निर्दोष. म्हणजे बॅच माझ्याच हातून बिघडली होती. तुमचा किस्सा बरोबर होता."

मी आयुष्यात इतका कधी हादरलो नव्हतो. बाईंच्या नावावरचा डाग पुसायला आलो आणि पाव किलो पेढ्यांच्या आणि मुलांच्या साक्षीने तो पक्का करून ठेवला. "असं कसं होईल? बासुंदी ठेवू या का?"

"बसा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत ते क्रमाने सांगा. किस्सा नको. जसं झालं तसं."

मी सांगितलं. पेढे उंबरठ्यात ठेवले. आत घेतले. बटणं बंद केली. आरती. नारळ. प्रसाद. घरी गेलो. दसरा झाला. मग सकाळी आलो, बटणं चालू केली, पेढे...

"थांबा. बटणं कधी चालू केलीत?"

"सकाळी."

"कुठल्या सकाळी?"

"दसरा झाल्यावरच्या."

श्रुतीने हातातलं काम खाली ठेवलं.

"तुम्ही मला आरतीपुरता म्हणाला होतात," बाई म्हणाल्या.

"तोंडात पेढा होता," मी म्हणालो. हे किती पोरकट उत्तर आहे ते म्हणतानाच कळलं. "मला वाटलं, पेटी तर बंद आहे, आत काय जाणार?"

"रबरी मोज्यांतून हवेतला ओलावा सतत झिरपत असतो, आठल्ये. म्हणून तर पंखा. मी म्हणूनच सांगत होते." त्यांनी पंख्याच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "मी पंख्याचं बोलले. तुम्ही सगळ्यांनी देवाचं ऐकलंत."

आज आत पंखा एकसुरी गुणगुणत होता, तो पहिल्यांदाच मला नीट ऐकू आला. दुसऱ्या कुणी बंद करू नका म्हटलं असतं, तर मी म्हटलं असतं, का हो? बाईंना मी विचारलंच नाही, कारण त्या का म्हणतायत ते मला आधीच माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. त्या कोण, कुठल्या, दसऱ्याला कुठे जातात, एवढं मला पुरलं होतं.

तिसरा प्रयोग झाला. पेढा नाही, काही नाही, फक्त एका सुट्टीपुरता पंखा बंद. पुन्हा पिशवी, पुन्हा अबईचे थेंब. नळाच्या पाण्यासारखं नितळ राहिलं. बाईंनी बाटली उजेडात धरून हलवली, पुन्हा हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू आलं तसं मी चांगल्या बॅचलाही पाहिलं नव्हतं. बॅच बुडाली म्हणून पेढे वाटले जाण्याची परळमधली ती पहिलीच वेळ असावी. दुकानातल्या पुड्यात उरले होतेच, देव्हाऱ्यातले मात्र बाईंनी माझ्यादेखत फेकून दिले.

सत्काराला मी हे सगळं सांगितलं. गाल फुगवले, मोठ्या सरांचा आवाज काढला, पण पंख्याचं वाक्य जिथे होतं तिथे परत ठेवलं, बाईंच्याच शब्दांत. अपेक्षेप्रमाणे तिथे हशा नाही आला. माझ्या बरोबरीचे एक मित्र नंतर चहा घेताना म्हणाले, "आठल्ये, जुना किस्सा जास्त रंगायचा रे." ते खरंच आहे. मी तो रंगवण्यात वीसेक वर्षं घालवली होती. खरा प्रकार आत्ता आत्ता सांगायला लागलोय, त्याला वेळ लागणार.

बाईंनी भाषणात एवढंच म्हटलं, "साखळी आखूड का झाली ते आज कळलं. मी इतकी वर्षं हाताला दोष देत होते." मग म्हणाल्या, "पेढ्याची जाहीर माफी मागायला हवी, ती आठल्ये मागतील." त्यावर मात्र हशा पिकला. मी मागितली. पेढ्याची मागितली तेव्हा सगळे हसत होते, म्हणून बाईंची वेगळी मागितली, नंतर, जिन्यात. त्या म्हणाल्या, "ठीक आहे." माफ केलं असं म्हणाल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही. हळदीतली ती वर्षं काही कुठल्या प्रयोगाने परत येत नाहीत.

या खंडेनवमीला श्रुतीने आम्हा दोघांना बोलावलं. हळदकुंकवाचं ताट माझ्या हातात आलं. बाई नेहमीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या, फक्त या वेळी बटणाच्या बाजूला, हाताची घडी घालून.

"आठल्ये सर," श्रुती म्हणाली, "आत बाटली चालू आहे हं."

"माहितीये," मी म्हणालो आणि बाईंकडे बघितलं. त्यांनी मानेनेच, हं, करा, अशी खूण केली.

मी बोट कुंकवात बुडवून पंख्याच्या खोक्याला टिळा लावला. जरा तिरका लागला, कारण पंखा चालू होता.